बोल्ट बंद होईना

बाबा तीन महिन्यांसाठी म्हणून आयर्लंडला, आमच्याकडे ॲथलोनला आले आणि अडकले. २०२० सालचा फेब्रुवारी होता. आम्ही नुकतंच घर घेतलं होतं आणि ते बघायला ते एकटेच आले होते. नागपुरात वहिनीचे दिवस भरत आले होते, त्यामुळे आईने यायला साफ नकार दिला होता. "तुम्ही जाऊन या, घर पाहून या, फोटो काढून आणा," असं म्हणून तिने त्यांच्या बॅगेत दोन स्वेटर जास्तीचे कोंबले. मार्चमध्ये विमानं बंद झाली. नातू झाला तो त्यांनी फोनवरच पाहिला.

माझा नवरा पोर्टलीशच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. त्या काळात तो घरी यायचा तो मागच्या दाराने, आणि कपडे तिथेच मशीनमध्ये टाकून सरळ वरच्या खोलीत जायचा. मी एका मेडिकल डिव्हाइसच्या प्लँटमध्ये मोजमापाच्या लॅबमध्ये काम करते. आमचं काम बंद झालं नाही, उलट वाढलं. त्यामुळे दिवसभर घरात बाबा एकटे. आधी दोन किलोमीटर, मग पाच किलोमीटर एवढंच फिरायची परवानगी होती. तेवढ्या परिसरातली सगळी कुत्री, सगळी फाटकं आणि रस्त्यावरचे सगळे खड्डे त्यांना पाठ झाले.

बाबा विदर्भातल्या एका दारूगोळा कारखान्यातून तपासणी खात्याचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले होते. रायफलची काडतुसं त्यांच्या हाताखालून पास व्हायची. घरी ते कामाबद्दल बोलायचे नाहीत, बोलायची परवानगीच नव्हती. संध्याकाळी चहा घेताना "आज माल चांगला होता" किंवा "आज डोकं फिरवलं पोट्ट्यांनी" एवढंच. निवृत्त झाल्यावर तेही बंद झालं. मी स्वतः आयुष्यभर मोजमापच करत होते, पण त्यांचं काम नेमकं काय होतं हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

शेजारच्या घरात एक बाई एकट्या राहायच्या. सत्तरीच्या, उंच, काटक, लॉकडाऊनमध्ये आपले पांढरे केस आपणच कापून घेतलेल्या. गुरांच्या डॉक्टर होत्या, आता निवृत्त. माझा नवरा हॉस्पिटलात आहे हे कळल्यापासून त्या दर आठवड्याला आमच्यामधल्या दगडी भिंतीवर अंडी ठेवून जायच्या. बाबा रिकामा खोका परत ठेवताना त्यात चिवड्याची पुडी घालायचे. भिंतीच्या दोन बाजूंना उभं राहून दोघं हवामानावर बोलायचे. बाबा त्यांना कारखान्यातल्या सवयीने "मॅडम" म्हणायचे आणि त्या बाबांना "डॉक्टरांचे सासरे" म्हणायच्या.

जुलैमध्ये निर्बंध सैल झाले. एके दिवशी सकाळी बाबांनी त्यांना गाडीत एक लांबट, सपाट बॅग ठेवताना पाहिलं. तसली बॅग ओळखायला त्यांना चष्मा लागत नाही.

"मॅडम, तुम्ही रायफल चालवता?" बाबांनी भिंतीपाशी जाऊन विचारलं.

"चालवत होते," बाई म्हणाल्या. "आता बोल्टच बंद होत नाही."

आणि मग भिंतीवर कोपरं टेकून त्यांनी आदल्या शनिवारी काय झालं ते सांगितलं. ते मी बाबांकडून ऐकलं आणि नंतर बाईंकडूनही, दोन्हींत फरक नव्हता. लॉकडाऊननंतर त्यांच्या नेमबाजी क्लबची रेंज पहिल्यांदाच उघडली होती. पहिलं काडतूस नीट बसलं. दुसऱ्याला जरा ढकलावं लागलं. तिसरं आत गेलं आणि बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता अडसर, अर्ध्यात अडकला, पुढे जाईना आणि मागेही येईना. नळीच्या मागे भरलेलं काडतूस तसंच. रेंजच्या अधिकाऱ्याने नेमबाजांची सगळी रांग थांबवली, सगळ्यांना रायफली खाली ठेवून मागे व्हायला सांगितलं, आणि रायफलचं तोंड निशाण्याकडेच ठेवून हळूहळू, फार हळूहळू बोल्ट मागे घेतला. अख्खा क्लब पावसात उभा राहून बघत होता.

"आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या गाईंची अडलेली वासरं ओढून काढली," बाई म्हणाल्या, "आणि माझं काडतूस दुसऱ्याने ओढून काढलं."

बाबांनी एकच प्रश्न विचारला. "काडतुसं कारखान्याची की हाताने भरलेली?"

"हाताने भरलेली. मीच भरली."

त्या दिवशी मी कामावरून आले तर बाबा दारातच उभे. जेवताना ते गेल्या चार महिन्यांत बोलले नव्हते एवढं बोलले. एकदा उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकून न देता पुन्हा वापरता येते, हे मला त्या दिवशी कळलं. गोळी उडते तेव्हा आतल्या दाबाने पुंगळी फुगते आणि रायफलच्या चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीच्या आकाराची होऊन बसते. ती पुन्हा भरायची तर आधी एका पोलादी साच्यात दाबून मूळ आकारावर आणायची, मग बुडाला ठिणगी देणारी नवी टोपी, आत नवी दारू आणि वरून नवी गोळी. "यात दहा जागी गडबड होऊ शकते," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की दहाही जागी झाली असती तरी त्यांना चाललं असतं.

"मग तुम्ही त्यांना सांगितलं का काय करायचं ते?"

"न पाहता काय सांगू? आपण शनिवारी जाऊन राहिलो."

"आपण म्हणजे कोण, बाबा?"

"आपण म्हणजे मी. गाडी तू चालवशील."

घरी काडतुसं भरायला इथे मनाई आहे. रेंजवरच त्यासाठी एक खोली होती, आणि तिथेही ज्याला परवानगी आहे त्यानेच हात लावायचा. त्यामुळे बघायचं तर तिथेच जायला हवं होतं. बाईंनी रेंजच्या अधिकाऱ्याला विचारून आम्हा दोघांना पाहुणे म्हणून आत घ्यायची सोय केली. रात्री बाबांनी फोनवर आईला हे सांगितलं.

"तिथं जाऊनसुद्धा काडतुसंच?" आई म्हणाली.

"मी काय केलं? त्यांनीच विषय काढला."

"त्यांनी काढला, का तुम्ही काढायला लावला?"

बाबांनी फोन माझ्या हातात दिला.

रेंज बोगच्या, म्हणजे इथल्या दलदलीच्या माळाच्या मधोमध होती. चारी बाजूंना तपकिरी, ओलसर, सपाट जमीन, आणि वाऱ्याला अडवायला काही नाही. काडतुसं भरायची खोली म्हणजे एक लांबट पत्र्याची शेड. आत एक भक्कम बाक, त्यावर पुंगळ्या दाबायचं लोखंडी यंत्र, भिंतीला कुलुपं लावलेली कपाटं. कोविडमुळे खिडक्या सताड उघड्या, आम्ही तिघं मास्क लावून तीन कोपऱ्यांत उभे. दारू दुसऱ्याच ठिकाणी कुलपात ठेवलेली होती. तिचं आज काही काम नव्हतं.

"मोजायचा कॅलिपर प्रेसमध्ये आहे, तेवढा देता का?" बाई बाबांना म्हणाल्या.

त्या हाताने दाबायच्या यंत्रालाही प्रेसच म्हणतात. बाबांनी खाली वाकून यंत्राच्या तरफेखाली पाहिलं, मग मागून पाहिलं, मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मला इथे येऊन बरीच वर्षं झाली होती, म्हणून माझ्या लक्षात आलं.

"बाबा, इथे कपाटाला प्रेस म्हणतात."

"काहून?" बाबांनी विचारलं. याचं उत्तर मला आजही माहीत नाही.

बाबांचं निदान घरून निघतानाच पक्कं झालेलं होतं. चेंबर मळलंय. लॉकडाऊनमध्ये रायफल पडून होती, आत काजळी आणि तेल घट्ट झालं असणार. बाईंनी चेंबर घासून लख्ख केलं. मग बाजारातून आणलेलं एक तयार काडतूस घालून पाहिलं तर ते अलगद बसलं. स्वतः भरलेलं घातलं, ते पुन्हा अडलं. म्हणजे चेंबरचा दोष नव्हता. बाबा म्हणाले, "हं." एवढंच.

बाईंचा संशय गोळ्यांवर होता. त्यांनी नव्या प्रकारच्या गोळ्या घेतल्या होत्या, त्या थोड्या लांब होत्या. पुंगळीच्या बाहेर जास्त राहून त्या पुढे नळीच्या खाचांना टेकत असतील. त्यांनी टोपी आणि दारू न घालता नुसती गोळी बसवून एक पोकळ नमुना तयार केला, आणि त्यात गोळी मुद्दाम जास्त खोल बसवली. तोही अडला.

आता माझी पाळी होती. मी तिथे असलेल्या सगळ्या पुंगळ्यांची लांबी कॅलिपरने मोजली. मान, बूड, सगळं मोजलं. नियमात जेवढी लांबी चालते तेवढ्याच्या आत सगळ्या होत्या. "लांबी पास," मी जाहीर केलं आणि मनातल्या मनात तो विषय बंद केला. आमच्या प्लँटमध्ये मर्यादेच्या आत असलेल्या गोष्टीबद्दल पुन्हा कोणी बोलत नाही.

बाई कंटाळल्या. त्यांनी तो पोकळ नमुना पुन्हा चेंबरमध्ये घातला आणि तळहाताने बोल्टच्या दांड्यावर ठोसा द्यायला हात उचलला.

"नाही, मॅडम."

बाबांचा तो आवाज मी घरी कधी ऐकला नव्हता. मोठा नव्हता, पण बाईंचा हात वरच थांबला. रेंजचा अधिकारीही दारातून डोकावला.

"तुम्ही आत्ता रिकाम्यावर हे करताय," बाबा इंग्रजीत शांतपणे म्हणाले, "उद्या भरलेल्यावर कराल. आणि जोर लावला की मग कळायचं बंद होतं. कुठे घट्ट आहे ते कळत नाही, का घट्ट आहे ते तर नाहीच."

बाईंनी हात खाली घेतला. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मी माझ्या विद्यार्थ्यांना हेच सांगायचे."

मग बाबांनी मेणबत्ती मागितली. त्यांच्या तरुणपणी पुंगळीला ज्योतीवर धरून काजळी लावायची आणि ती चेंबरमध्ये फिरवून काढायची अशी पद्धत होती. जिथे काजळी पुसली जाईल तिथे धातू घासतोय. अधिकारी दारातच उभा होता. तो बाबांकडे बघत राहिला, मग भिंतीवरच्या पाटीकडे, जिच्यावर पेटत्या काडीला लाल रेघ मारलेली होती.

बाबांनी कपाळाला हात लावला. "आयुष्य गेलं दारूच्या कारखान्यात," ते मला मराठीत म्हणाले, "आणि मी इथं मेणबत्ती मागून राहिलो. हे तुझ्या आईला सांगू नको."

माझ्या पर्समध्ये काळा मार्कर होता. लॅबमध्ये नमुन्यांवर खुणा करायला आम्ही तोच वापरतो. बाईंनी त्याने एक पुंगळी पूर्ण काळी केली, वाळू दिली, आणि चेंबरमध्ये अलगद घालून, बोल्ट जाईल तेवढाच नेऊन बाहेर काढली. मानेखाली जिथे पुंगळी रुंद होते, त्या उताराला खांदा म्हणतात. खांद्यावर गोल चकचकीत कडं उमटलं होतं. शाई तिथेच तेवढी पुसली गेली होती.

तिघंही एकदम बोलायला लागलो. खांदा पुढे राहिलाय, म्हणजे साच्यात पुंगळी पुरेशी दाबलीच जात नव्हती. बाईंनी साचा यंत्रात थोडा खाली फिरवून घट्ट केला. एक पुंगळी दाबली, चेंबरमध्ये घातली, अजून जरा अडली. आणखी थोडा फिरवला. पुढची पुंगळी आपल्या वजनानेच आत गेली, आणि बाईंनी एका बोटाने बोल्ट बंद केला.

"ग्रँड," त्या म्हणाल्या. कोविडमुळे हात मिळवता येत नव्हते, म्हणून बाबांनी आणि त्यांनी कोपराला कोपर लावलं. थर्मासमधला चहा प्यायलो आणि घरी आलो. गाडीत बाबा खिडकीबाहेर बघत हलकेच गुणगुणत होते.

पुढच्या गुरुवारी बाईंचा भिंतीवरून आवाज आला. त्या रेंजवर जाऊन नवी काडतुसं भरून आल्या होत्या. "पुन्हा घट्ट," त्या म्हणाल्या. "सगळी नाहीत. काही अलगद जातात, काही अडतात. आणि दोन्हींत मला काही फरक दिसत नाही." महिनाअखेरीस क्लबची स्पर्धा होती. त्या म्हणाल्या, "मी आपली दुकानातली काडतुसं घेते झालं. तुम्ही फार त्रास घेतलात."

बाबांना ते लागलं. त्यांनी रात्री एकच पोळी खाल्ली. मी म्हटलं, "बाबा, सोडा ना, त्यांचं काही अडलेलं नाहीये."

"त्यांचं नाही अडलं," बाबा म्हणाले. "माझं अडलं."

सकाळी मी ऑफिसला निघाले तर ते कोट घालून दारात. रात्रभर विचार करून त्यांच्या लक्षात आलं होतं की आपण फक्त सुरुवातीला तपासलं आणि बाईंनी फक्त शेवटी. मधे काय होतं ते कोणीच पाहिलं नव्हतं. "प्रत्येक पायरीनंतर चेंबरमध्ये घालून पाहायचं. मग कोणत्या पायरीवर बिघडते ते आपोआप कळते." हे त्यांनी मला सांगितलं, मग भिंतीपाशी जाऊन बाईंना सांगितलं, आणि रविवारचं ठरवूनच आत आले.

रविवारी आम्ही तसंच केलं. साच्यातून निघालेली प्रत्येक पुंगळी चेंबरमध्ये गेली, एकही अडली नाही. तिथवर बाबांची दुरुस्ती बरोबर होती. मग पुन्हा दारू आणि टोपी न घालता त्यांच्यावर नुसत्या गोळ्या बसवल्या. आता काही अडायला लागल्या. म्हणजे बिघाड गोळी बसवताना होत होता, पण काय होत होतं? मी कॅलिपर लावला. इकडे मोजलं, तिकडे मोजलं. अडणाऱ्या आणि न अडणाऱ्यांत जो काही फरक येत होता तो इतका थोडा होता की तो धातूचा की माझ्या हाताचा हे मला सांगता येईना.

बाईंनी चष्मा काढून बाकावर ठेवला. मास्कमुळे तो सारखा धुरकट होत होता. त्यांनी एक अडणारा नमुना आणि एक चांगला नमुना दोन हातांत घेतला, डोळे मिटले आणि अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून ते सावकाश फिरवायला लागल्या.

"हे इथे फुगलंय," त्या म्हणाल्या. "खांद्याच्या जरा खाली."

बाबांनी तो नमुना घेतला. त्यांना काही लागेना. मलाही लागलं नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि आम्हा दोघांनाही तीच कल्पना सुचली. मी बाईंकडे पाठ करून चांगले-वाईट सगळे नमुने एकत्र केले आणि त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी डोळे मिटूनच एकेक उचलून दोन ढीग केले. मग तेच ढीग आम्ही चेंबरमध्ये घालून पाहिले. एकाही नमुन्याचा ढीग चुकला नव्हता.

"गाईच्या पोटात हात घातल्यावर बघता येत नाही," बाई म्हणाल्या. "वासराचा गुडघा आहे का कोपर, हे बोटांनीच ठरवावं लागतं. आणि लवकर ठरवावं लागतं."

बाबा खुर्चीत टेकले आणि मनापासून हसले. मग त्यांनी गोळी बसवायचा साचा बाईंना यंत्रातून काढायला लावला आणि उजेडाकडे धरून आत पाहिलं. त्या साच्याच्या आत एक लहानशी कडा असते, पुंगळीचं तोंड गोळीभोवती आवळायचं असेल तर तिचा उपयोग होतो. बाईंना आवळायचं नव्हतंच. पण साचा गरजेपेक्षा खाली बसवला गेला होता, त्यामुळे पुंगळीचं तोंड त्या कडेला जाऊन धडकत होतं. तोंडाला पुढे जायला जागा नाही, वरून तरफेचा जोर, मग बिचारी पुंगळी खांद्यापाशी फुगत होती.

"पण मग काहीच का?" बाईंनी विचारलं. "साचा तर सगळ्यांना तोच."

याचं उत्तर मला आलं, आणि ते येताना माझे कान गरम झाले. मी आदल्या वेळी सगळ्या लांब्या मोजल्या होत्या. सगळ्या मर्यादेच्या आत होत्या, पण सारख्या नव्हत्या. काही मर्यादेच्या खालच्या टोकाला, काही वरच्या. आखूड पुंगळ्यांचं तोंड त्या कडेपर्यंत पोचत नव्हतं. लांब होत्या त्या धडकत होत्या. मी "पास" म्हणून मोकळी झाले होते.

"पास होत्याच त्या," बाबा मला म्हणाले. "तुझं चुकलं नाही. फक्त पास झालेले सगळे सारखे नसतात नं बेटा. तू वर्गात पास झाली, तुझा दादाही झाला."

बाईंनी हे मला भाषांतर करायला लावलं आणि त्या बराच वेळ हसत राहिल्या. त्यांना पाच भाऊ होते.

सगळ्या पुंगळ्या कापून एका लांबीच्या केल्या. गोळी बसवायचा साचा वर घेतला. आधीच भरून ठेवलेली काडतुसं बाईंनी अधिकाऱ्यासमोर एकेक करून उघडून सुटी केली, ती कोणी उडवायची नाहीत हे बाबांनी आणि अधिकाऱ्याने एकाच वेळी सांगितलं. त्यानंतर भरलेलं एकही काडतूस अडलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी पाऊस आडवा येत होता. आम्हाला मागे दोरीच्या पलीकडे उभं राहायची परवानगी होती. बाबांनी आईने दिलेले दोन्ही स्वेटर घातले होते, वर नवऱ्याचा रेनकोट, आणि कानांवर आवाज अडवणारे मोठे कर्णकप. त्यांना बोल्टचा आवाज ऐकू येणं शक्य नव्हतं, तरी प्रत्येक वेळी बाईंचा हात पुढे गेला की ते मान थोडी पुढे करायचे आणि बोल्ट बंद झाला की मान मागे घ्यायचे. निशाण्यावर काय झालं हे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

निशाण्यावर फारसं चांगलं झालं नव्हतं. वाऱ्याने गोळ्या इकडेतिकडे नेल्या आणि बाई यादीत मध्याच्याही खाली गेल्या. पण त्या चिखलाने भरलेल्या कोपरांनिशी आमच्याकडे आल्या त्या जिंकल्यासारख्या.

"एकदाही रांग थांबली नाही," त्या म्हणाल्या.

"वारा माझ्या खात्यात येत नाही," बाबा म्हणाले.

त्यांच्यामागे क्लबमधले एक गृहस्थ डबा घेऊन उभे होते. त्यांचीही काडतुसं अधूनमधून अडायची. डॉक्टरांचे सासरे जरा बघतील का, असं त्यांनी बाईंना विचारलं. बाबांनी तो डबा न उघडताच विचारलं, "पुंगळ्या एकाच लांबीच्या आहेत का?" आणि गृहस्थ विचारात पडले. तिथून पुढे ऑक्टोबरमध्ये सगळं पुन्हा बंद होईपर्यंत बाबांचा शनिवार ठरलेला असायचा. ते कशालाही हात लावायचे नाहीत. खुर्चीत बसून प्रश्न विचारायचे. माझ्या नवऱ्याने एकदा विचारलं, "बाबांची ओपीडी कशी चाललीये?" आणि मग घरात तोच शब्द रूढ झाला.

हिवाळा सुरू होताना त्यांना परतीचं तिकीट मिळालं. निघायच्या दिवशी बाई भिंतीपाशी आल्या. त्यांनी एक पुंगळी घासून सोन्यासारखी चमकवून आणली होती. बाबांनी ती हातात घेतली, फिरवली, तिच्या खांद्यावरून बोट नेलं आणि परत दिली.

"मॅडम, दोन विमानतळांवर मी हे काय आहे ते समजावून सांगू शकणार नाही," ते म्हणाले. "आणि माझी बायको तिसरी."

बाईंनी मग घरातून ब्राउन ब्रेडची एक लादी आणून दिली. ती त्यांनी नागपूरपर्यंत नेली. आईच्या मते ती विटेसारखी होती, पण नातवाला दात येत होते आणि त्याला ती चघळायला फार आवडली.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये नागपूरहून वाईट बातम्या यायला लागल्या. तिथे आमच्या घरीही सगळे आजारी पडले. तेवढे दिवस बाई रोज सकाळी भिंतीपाशी यायच्या, "आज ताप किती?" एवढंच विचारायच्या आणि मी सांगितलं की मान हलवून आत जायच्या. सगळे बरे झाले. ते सांगितलं त्या दिवशी त्यांनी भिंतीवर अंडी नाही, अख्खा केक ठेवला.

रेंज उन्हाळ्याच्या तोंडाशी उघडली आणि मी क्लबची शिकाऊ सभासद झाले. का झाले ते नीट सांगता येणार नाही. बाबांचं काम इतकी वर्षं माझ्या घरात होतं आणि मी ते एका पत्र्याच्या शेडमध्ये पहिल्यांदा पाहिलं, कदाचित त्यामुळे. शिकाऊंसाठी क्लबची छोटी रायफल असते. पहिल्या दिवशी बाई माझ्या शेजारच्या जागेवर होत्या. मी श्वास रोखला, सांगितल्याप्रमाणे बोट हळूच दाबलं, पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. फार छान वाटलं. निशाण्याचे कागद जवळ आणून पाहिले तेव्हा माझ्या कागदावर एकही भोक नव्हतं आणि बाईंच्या कागदावर त्यांनी मारल्या त्यापेक्षा जास्त भोकं होती.

"तुझ्या गोळ्यांचा पुंजका चांगला आहे," बाई कागद निरखत म्हणाल्या. "फक्त माझ्याकडे आहे."

मी संध्याकाळी तो कागद कॅमेऱ्यासमोर धरला. बाबा फोन डोळ्यांजवळ नेऊन भोकं मोजायला लागले आणि मधेच कुठली कोणाची म्हणून विचारत राहिले. मागून आईचा आवाज आला, "जेवण थंड होऊन राहिलं, ते कागद उद्या मोजा." बाबा म्हणाले, "दोन मिनिटं," आणि त्यांनी मला कागद जरा उजेडाकडे धरायला सांगितलं.